घरची ओळ

सांगवीचा सप्ताह संपायला दोन दिवस असताना कीर्तनकारबुवांचा घसा बसला आणि प्राचीनं शेवटच्या दिवसासाठी आपल्या कॉलेजातल्या आनंदसरांचं नाव सुचवलं. सावळारामतात्यांना तेव्हाच वास यायला हवा होता. सून एवढी पुढं पुढं करते, म्हणजे पाणी कुठंतरी मुरत असणार. पण बारामतीचा प्रोफेसर फुकट येतोय म्हटल्यावर तात्यांनीच मान डोलावली होती.

सर ज्यू लोकांच्या जुन्या धर्मग्रंथावर बोलत होते. तिथले लोक म्हणे देवाला लंगडी, आंधळी मेंढरं वाहायचे आणि धडधाकट घरी ठेवायचे. एका संदेष्ट्यानं त्यांना फैलावर घेतलं. "असलं मेंढरू तुमच्या साहेबाला देऊन बघा, म्हणाला. आणि देव न्याय करायला बसला, की सुरुवात भक्तांच्याच घरापासून करतो."

बाया हसल्या. तात्यांच्या कानाच्या पाळ्या तापल्या. मेंढरांच्या गोष्टीत साहेब कुठनं आला?

कारण तात्यांची भानगड नेमकी हीच होती. काकडीच्या रानात बांधाकडेची एक ओळ त्यांनी घरासाठी राखली होती. तिच्यावर औषधाचा थेंब पडत नसे. बाकी रानावर परवाच फवारा मारलेला. सात दिवस तोडू नये असं डब्यावर छापलेलं असायचं, पण सात दिवस थांबतील ते तात्या कसले? आज पहाटे त्यांनी घरच्या ओळीतल्या काकड्या स्वतः तोडल्या आणि प्लॅस्टिकच्या कॅरेटात भरून पोत्याखाली झाकून ठेवल्या. ते कॅरेट घराला आणि बारामतीच्या एका साहेबाला. शेजारचं उघडं, फवारलेलं कॅरेट महाप्रसादाच्या कोशिंबिरीला. दर वर्षी असंच. बभ्रा नको म्हणून कुठलं कॅरेट कुणाला, हे घरातही कुणाला सांगितलेलं नव्हतं.

मग सरांना कुणी सांगितलं? तोडायला येणारी सारजा? ती नऊला येते, तिला काय कळणार. राहिली प्राची. काल सर घरी चहाला आले, तेव्हा ही अर्धा तास त्यांच्याशी बोलत बसली होती.

पंगत बसली तशी तात्यांनी वाढणाऱ्या सुनेला बाजूला घेतलं. "सरांस्नी काय सांगितलंस?"

"कशाचं, तात्या?"

"काकडीचं. सायबाचं. मला येडा समजू नगंस."

प्राची गोंधळली. "माझं काय चुकलं का? तुमी घाईनं मांडवात आलात, म्हणून मीच काकड्या पाठवल्या. पोत्याखाली झाकलेल्या, म्हंजी देवाच्याच असणार. त्या हितं दिल्या. सायबाचा माणूस आला, त्याला उघड्यातल्या दिल्या, उरलेल्या घरात ठेवल्या."

तात्यांना आधी हायसं वाटलं. सरांना काहीच ठाऊक नव्हतं. साहेबाचं काय होईल ते होवो. मग एकदम घरात ठेवलेल्या काकड्या आठवल्या.

"घरातल्या कुणी खाल्ल्या?"

"छकुलीनं. मीठ लावून तीन खाल्ल्या. आता पोट दुखतंय म्हणून निजलीय."

"धुतल्या व्हत्या?"

"घरची काकडी धुवायची न्हाय, असं तुमीच म्हणता की."

चार वर्षांची नात. तात्यांना बाकी काही सुचेना. हात धुवायला आलेल्या सरांचा दंड त्यांनी धरला. "सर, गाडी काढा. पोरीला दवाखान्यात न्यायचंय. परवा फवारलेली काकडी खाल्लीय तिनं. औषधाचा डबा गोठ्यात हाय, तेवढा डॉक्टरला दाखवा."

आवाज मांडवभर गेला. पंगतीतले हात पत्रावळीवर थांबले.

"खावा, खावा," तात्या घाईनं म्हणाले. "ही चांगली हाय. हिच्यावर फवारा न्हाय. फवारलेली चुकून घरी गेली."

सारजा पंगतीच्या टोकाला बसली होती. तिनं कोशिंबीर बोटानं बाजूला सारली. "मग दर साली हितं कुठली येत व्हती, तात्या?"

तात्या गाडीकडं वळले. प्राची आत बसली होती. तिनं सारजाचा प्रश्न ऐकला, क्षणभर सासऱ्याकडं बघितलं, दार आतनं ओढून घेतलं आणि सरांना म्हणाली, "चला."