एक तास चाळीस मिनिटं

रुर्डच्या स्वयंपाकघरात कॉफी ओतली गेली, प्रत्येकाला एकेक बिस्किट मिळालं आणि रीतीप्रमाणे डब्याचं झाकण लागलं. सीत्स्केने पहिल्यांदाच खुर्चीला पाठ टेकवली. टपाल वाटण्याच्या नोकरीतून सुटल्यावर लोक बागा करतात. ही बाई सहा वर्षं दफ्तरं उपसत बसली होती, तीही एका विमानापायी.

सप्टेंबर १९४३ मधल्या एका रात्री फ्रीसलंडच्या या डच किनाऱ्यावर दोन इंग्रज बॉम्बफेकी विमानं पडली. एक रुर्डच्या मागच्या कुरणात खोल रुतलं, दुसरं समुद्राने गिळलं. जर्मनांनी वेळा लिहून ठेवल्या होत्या. पहिलं बारा बावीसला पाडलं, दुसरं दोन वाजता. पण कुरणातलं कोणतं, हे ऐंशी वर्षं कुणालाच सांगता येत नव्हतं. मग रुर्डच्या आजोबांची, हेसल यांची, वही हाती लागली: ‘रात्री बारा वीसला मागच्या कुरणात विमान पडलं. गाई बिथरल्या.’ प्रश्न मिटला. कुरणातलं विमान पहिलं, आणि त्याच्या शेपटीतल्या मशीनगनवर होता वीस वर्षांचा लेनर्ड पोलार्ड.

त्याची बहीण विनिफ्रेड आता समोर बसली होती. वय एक्याण्णव, लिंकनशरहून बोटीने आलेली. शेजारच्या खुर्चीवर तिने एक निळा डबा ठेवला होता. त्यात तिच्या आईची राख होती. "माझा लेन सापडेल तिथे मला ठेव," म्हणत आई गेली, आणि तेव्हापासून डबा कपाटात होता. उद्या अकरा वाजता कुरणातल्या दगडावरचं कापड निघणार, सात नावं दिसणार आणि दगडाखाली राख पुरली जाणार.

"हे घड्याळ चालतं का हो?" भिंतीकडे बघत विनिफ्रेडने विचारलं.

"चालतं म्हणजे! पोलार्डबाई, या घड्याळाने हिटलरला जुमानलं नाही." रुर्डची छाती फुगली. "जर्मन आले आणि त्यांनी देशभरची घड्याळं एक तास चाळीस मिनिटं पुढे ढकलायला लावली. आमचे आजोबा म्हणाले, माझ्या गाईंना जर्मन येत नाही. पाच वर्षं जुन्याच वेळेने धारा काढल्या, जुन्याच वेळेने जेवले!"

विनिफ्रेड खळखळून हसली. सीत्स्केच्या मात्र तोंडचं पाणी पळालं.

"रुर्ड," ती शक्य तितक्या शांतपणे म्हणाली, "आजोबांची वही दे जरा."

वहीत तिला एक ओळ हवी होती, आणि ती होती त्याच पानावर. विमानानंतरचा रविवार: ‘प्रार्थनेची घंटा आठ वीसला.’ गावातली प्रार्थना दहालाच असायची, युद्धातही. पहिल्यांदा ही ओळ वाचून, म्हातारा चुकला असेल, म्हणून ती हसली होती. आठ वीस अधिक एक तास चाळीस मिनिटं. दहा. बारा वीस अधिक तेवढंच. दोन.

कुरणातलं विमान दुसरं होतं. लेनर्ड समुद्रात होता.

ती रुर्डला ओढतच गोठ्यात घेऊन गेली.

"हे मला आधी का नाही सांगितलंस?"

"अगं, गावातल्या शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे! तू विचारलंस कधी?"

खरंच नव्हतं विचारलं. तीस वर्षं गावात राहून ती बाहेरचीच होती, आणि सगळ्यांना ठाऊक असलेली गोष्ट कोण कुणाला सांगतं?

"आता गप्प बस," रुर्ड हलक्या आवाजात म्हणाला. "म्हातारी आणखी किती दिवसांची? झाकली मूठ सव्वा लाखाची."

"आणि कुरणातली ती सात पोरं? त्यांच्यातल्या एकाचा पुतण्या कॅनडात आहे, त्याला मीच लिहिलंय, तुमचे काका समुद्रात गेले म्हणून."

"तो कुठे येतोय इथे!"

सीत्स्केला मोह झाला नाही असं नाही. गप्प राहिलं की हारतुरे होते, गावात मान होता. पण उद्या ती आई परक्याच्या लेकापाशी पुरली जाणार होती, आणि ते जगात फक्त दोघांना ठाऊक असणार होतं. तिला स्वतःची लाज वाटली. ती आत गेली, विनिफ्रेडसमोर बसली आणि वहीवर बोट ठेवून तिने सगळं सांगून टाकलं.

 विनिफ्रेडने डबा मांडीवर घेतला.

"सहा वर्षं लागली तुला, आणि भिंतीकडे बघायचं सुचलं नाही?"

"नाही सुचलं. चूक माझीच आहे."

"तुझं पत्र आल्यापासून मी रात्री झोपायला लागले होते गं." डब्यावर तिने तळहात ठेवला. "माझी आई पाण्याला भ्यायची. सहलीला गेलो तरी वाळूतच बसायची, लाटेला पाय लावायची नाही. आता तिला समुद्रात टाकू मी?"

 रुर्ड मान खाली घालून दारात उभा होता. शेवटी म्हातारीनेच विचारलं, "त्या कुरणातल्या पोरांची नावं माहीत आहेत?"

"सातही."

"मग दगड बदला. आणि त्या पुतण्याला आजच कळव."

दुसऱ्या दिवशी अकराला दगडावरचं कापड निघालं नाही. तिघं समुद्राच्या बांधावर गेली. खाली नजर पोचेल तिथवर चिखलच होता. पाणी दूर गेलं होतं.

"भरती कधी?" विनिफ्रेडने विचारलं.

"दोनला."

"कुणाच्या घड्याळाने?"

सीत्स्केने मान खाली घातली. म्हातारीने तिच्या हातावर थाप मारली आणि मग तो हात धरूनच ठेवला.

पाणी आलं तेव्हा विनिफ्रेडने बूट काढले, मोजे काढले. सीत्स्केच्या आधाराने ती बांधाच्या दगडी उतारावरून घोट्यापर्यंत पाण्यात उतरली. थंडीने तिचे ओठ थरथरत होते. एका हाताने डबा छातीशी धरून तिने अंगठ्याने झाकण ढकललं.

"भिऊ नकोस, आई," ती म्हणाली. "फार खोल नाहीये. लेन पुढेच आहे."