पुतळ्याला दिलेलं इंजेक्शन

आख्खी गल्ली त्यांना आत्या म्हणे, आणि आत्या आख्ख्या गल्लीला मापावरून ओळखत. कोणाचं पोट सुटलं, कोणाचा खांदा उतरला, हे त्या माणसाआधी त्यांना कळे. कपडे शिवण्यात जन्म गेला. सुया बोटांत घुसल्या, दातांत धरल्या, कधी हूं की चूं केलं नाही. पण सून रोजचं इन्सुलिन टोचायला आली, की आत्या डोळे गच्च मिटून भिंतीकडे तोंड करत.

परदेशातल्या लेकीचे दिवस भरत आले होते. तिच्याकडे जायचं आत्यांचं तिकीट काढून झालं होतं. आणि डॉक्टरीणबाईंनी अट घातली, "आत्या, तिकडे लेक बाळंतीण, जावई धावपळीत. तुमचं इंजेक्शन कोण देणार? स्वतः घेऊन दाखवा, मगच प्रवासाचं पत्र देते."

मुलाला आयतं निमित्त मिळालं. घरात कोणी शिंकलं तरी बेत रद्द करणारा तो. म्हणाला, "राहू दे आई. तुझ्यानं व्हायचं नाही."

आत्या उठून आपल्या शिवणाच्या दुकानात गेल्या. दुपारभर दार लोटून बसल्या. संध्याकाळी बायकोच्या हाती द्यायला मुलानं इन्सुलिनचं पेन उचललं, तर ते रिकामं.

"औषध कुठं गेलं?"

"सराव केला."

"कोणावर?"

आत्यांनी हनुवटीनं मापाच्या पुतळ्याकडे खूण केली. कापूस भरलेल्या त्या पोटावर ओला डाग पसरला होता.

"खरं औषध पुतळ्याला दिलंस?"

"मग खोटं कुठून आणू?"

सुनेला हसू आवरेना. "घरात सगळ्यात चांगली साखर आता त्याचीच."

मुलाच्या कपाळाची आठी हलली नाही. "कापसावर हात चालतो, अंगावर नाही. उद्या डॉक्टरांना नाही म्हणून सांगतो."

दुसऱ्या दिवशी जेवणाआधी तिघं दवाखान्यात पोचली. मुलानं तोंड उघडलं तोच आत्या म्हणाल्या, "तू गप बस."

नवं पेन हातात घेतलं. डोळे मिटू लागले. मग आत्यांना स्वतःचाच राग आला. उभ्या जन्मात एक टाका तरी डोळे झाकून घातला होता का? त्यांनी डोळे उघडे ठेवले. मात्रा लावली, पोटाची चूण चिमटीत धरली आणि सुई सरळ आत घातली. बटण दाबून सांगितल्याप्रमाणे मनात आकडे मोजले, मग सुई काढली.

"एवढंच?" आत्या म्हणाल्या. "आणि ह्यासाठी मी इतकी वर्षं भिंत बघत होते?"

मागे खुर्ची करकरली. मुलगा पांढराफटक पडून खुर्चीतच घसरला होता.

"याला आधी पाणी द्या," आत्या म्हणाल्या.

डॉक्टरीणबाई हसू दाबत पत्र लिहू लागल्या. "गोळ्या त्यांच्या मूळ खोक्यांतच ठेवा. इन्सुलिन हातातल्या पिशवीत. मोठ्या बॅगेत टाकलंत तर विमानाच्या पोटात गोठून वाया जाईल. तुम्ही खुशाल जा, आत्या. ह्यांचंच काही खरं नाही."

"ह्यांना मी सांभाळते," सून म्हणाली. "आई, तुम्ही बॅग भरा."

गल्लीत शिरताच कोपऱ्यावरच्या वाण्यानं विचारलं, "काय आत्या, जाणं ठरलं की रद्द?"

"जाते तर," आत्या न थांबता म्हणाल्या. "रद्द करणारा मागून येतोय. त्याला जरा साखरपाणी दे."