शर्टाचं तिसरं बटण

मास्तरांनी लावलेलं बटण शर्ट फाटला तरी निघत नाही, अशी त्यांची ख्याती होती. म्हणजे, तसं मास्तरच सगळ्यांना सांगायचे. चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवणाऱ्या या गृहस्थांच्या स्वतःच्या शर्टाचं तिसरं बटण मात्र पुन्हा पुन्हा लावूनही चार महिने सारखं लोंबत होतं. त्यांनी आधी दोऱ्याला शिव्या घातल्या, मग साबणाला, मग बायकोच्या धुण्याला.

"माझ्या धुण्याला नेमकं एकच बटण बरं सापडतं!" बायको म्हणाली आणि त्यांच्यावर नजर ठेवून बसली.

तिसऱ्या दिवशी दुपारी शिवणयंत्र मध्येच थांबलं. मास्तरांची नजर भिंतीवर, ओठ चघळल्यासारखे हलतायत, बोटं बटण पिळतायत. "अहो! अहो!" उत्तर नाही. मिनिटभराने म्हणतात कसे, "चहा टाकतेस ना?"

डॉक्टरीणबाईंनी मेंदूचा फोटो काढायला लावला. "ही फिट आहे, मास्तर. दर वेळी हातपाय झाडले जातातच असं नाही. हात आपोआप बटण पिळत राहतो आणि नंतर काही आठवतही नाही. प्रेशरमुळे मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या खराब झाल्यात. उतारवयात त्यातून फिट सुरू होऊ शकते. प्रेशरची गोळी घेता ना?"

गोळी मास्तरांनी वर्षापूर्वीच बंद केली होती. का, तर त्यांना काहीच होत नव्हतं! अकलेचे दिवे पाजळावेत तर असे.

"आणि स्कूटर बंद."

नातीला स्कूटरवरून शाळेत सोडणं, एवढंच तर मास्तरांचं सुख उरलं होतं. "स्कूटरवर असं कधीच झालं नाही," ते छातीठोकपणे म्हणाले. स्वतःच्या बटणाचा चोर ज्याला ओळखता आला नाही, तो साक्ष द्यायला निघाला!

दुसऱ्या दिवशी सकाळी बायकोचा डोळा चुकवून त्यांनी किल्ली उचललीच. नात दप्तर अडकवत म्हणाली, "आजोबा, आज सिग्नलला गंमत नाही हं करायची. परवा हिरवा झाला तरी तुम्ही बटणाशीच खेळत होतात. मी किती हाका मारल्या!"

मास्तरांनी खाली लोंबणाऱ्या बटणाकडे पाहिलं. गाडी उभी होती म्हणून बरं. चालत्या गाडीवर झालं असतं तर? मागे पोर बसलेली!

त्यांनी किल्ली बायकोच्या हातात ठेवली. "लपव. मी मागितली तरी देऊ नकोस. मला अक्कल नाही."

"ते लग्न झाल्यापासून ठाऊक आहे," म्हणत तिने गोळी आणि पाणी पुढे केलं.

आजोबा-नात चालत निघाले. रस्ता ओलांडताना मास्तर नेहमी तिचा हात धरायचे. आज त्यांनी आपला हात पुढे केला.

"बाळा, आज तू माझा धर. आणि मी गंमत करायला लागलो ना, तर सोडू नकोस."