चोर ठरवलेल्या सीडीचा सूड

मी एक जुनी सीडी आहे, मित्रांनो, आणि मी सूड घेतलेला आहे. आत्मवृत्तात गोड आठवणी ऐकायची तुम्हाला सवय असेल. माझ्याकडे त्या थोड्याच आहेत.

एका कारखान्यात वितळलेल्या प्लास्टिकवर ठसा मारून माझा जन्म झाला. वर चांदीसारखा मुलामा चढला. माझ्या पोटात नदीचा खेळ होता. छोटी होडी खडक चुकवत, भोवरे टाळत समुद्रापर्यंत न्यायची. कोणी नक्कल करू नये म्हणून कंपनीने त्या खेळाला कुलूपही घातले. त्याबद्दल माझी तक्रार नव्हती. आपली वस्तू चोरीला जाऊ नये असे कोणाला वाटत नाही? पण हे कुलूप माणूस ओळखत नव्हते, फक्त मोजत होते. डबीवरच्या क्रमांकाची नोंद इंटरनेटवरून कंपनीकडे व्हायची; तीन संगणकांवर खेळ चढला की चौथ्याला नकार द्यायचा, एवढेच त्याला शिकवले होते.

एका नर्सने मला आपल्या वडिलांसाठी विकत घेतले. वडील घड्याळजी. चाळीस वर्षे डोळ्याला भिंग लावून त्यांनी गावाची घड्याळे चालती ठेवली होती. मग अर्धांगवायूचा झटका आला आणि उजव्या हाताची मूठ वळून बसली. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी रबरी चेंडू दिला. तो त्यांनी खिडकीबाहेर भिरकावला. "मी काय तान्हं बाळ आहे?"

उजव्या हाताच्या बोटांनी कळा दाबून हाकायची होडी मात्र त्यांना आवडली. पहिल्या दिवशी ते एकाच खडकावर अकरा वेळा आपटले. "थांब, बघतोच तुला!" असे त्या खडकालाच दरडावून ते पुन्हा बसले. महिनाभरात अंगठा तर्जनीला टेकला. एका दुपारी त्यांनी चिमट्याने घड्याळाचा स्क्रू उचलला, चांगला वर हवेत धरला आणि हाक मारली, "पोरी, लवकर ये!" मुलगी ओल्या हातांनी धावत आली आणि दारातच रडू लागली. त्या दिवशी घड्याळजींनी मला मऊ फडक्याने पुसले, मधून कडेकडे, जसे पुसायला हवे तसे. माझे सुख तेवढेच.

त्यांचा संगणक जुना होता. आधी त्याची हार्ड डिस्क गेली. मग व्हायरसमुळे सगळे पुसून नव्याने भरावे लागले. शेवटी रॅम बदलली. घर तेच, टेबल तेच, पण दर वेळी कुलपाला वाटले, हा नवाच संगणक. चौथ्या वेळी पडद्यावर अक्षरे उमटली: ही प्रत बेकायदेशीर आहे. विक्रेत्याशी संपर्क साधा.

घड्याळजींनी कंपनीला फोन लावला.

"तुमची प्रत चोरीची दिसतेय," पलीकडचा माणूस म्हणाला.

"अहो, पावती आहे माझ्याकडे."

"असेल. पण यंत्रणा नाही म्हणते."

"यंत्रणेला डोळे नाहीत. तुम्हाला तर आहेत ना?"

फोन कट झाला. घड्याळजींनी रिसीव्हर आपटला. त्यांचे कान लाल झाले होते.

संगणक दुरुस्त करणारा म्हणाला, "काका, कोपऱ्यावर कुलूप तोडलेली सीडी मिळते. लगेच चालेल."

"आयुष्यात कोणाच्या घड्याळात नकली काटा बसवला नाही मी," घड्याळजी म्हणाले. "आणि आता माझ्याच वस्तूसाठी चोराच्या दारात जाऊ?"

त्यांनी डाव्या हाताने नऊ पत्रे लिहिली. उत्तर एकाचेही आले नाही. खेळ बंद पडल्यावर उघडलेली बोटे चार महिन्यांत एकेक करून पुन्हा मिटली. मी टेबलावरून ते पाहत होते. मित्रांनो, द्वेष म्हणजे काय ते मी तेव्हा शिकले.

मग बातमी आली की कंपनीचे मोठे साहेब नवा खेळ दाखवायला गावातल्या सभागृहात येणार आहेत.

"बाबा, जाऊ दे ना. दुसरा खेळ आणते मी," मुलगी म्हणाली.

"खेळ नकोय मला. मला त्याचं तोंड बघायचंय."

ते इस्त्रीचा कोट घालून पहिल्या रांगेत बसले. मी त्यांच्या मांडीवर, डबीत. साहेबांच्या मागे भिंतीएवढा पडदा होता. कोणीतरी कुलपाबद्दल विचारले. साहेब हसले. "प्रामाणिक गिऱ्हाइकाला आमच्या कुलपाचा कधीच त्रास होत नाही. कोणीही यावं, खात्री करावी!"

घड्याळजी उठले. मुलीच्या खांद्यावर हात ठेवून पायऱ्या चढले. त्यांनी मला साहेबांच्या हातात दिले, वर पावती ठेवली. एवढ्या लोकांसमोर नाही म्हणण्याची सोय उरली नव्हती. साहेबांनी स्वतः मला संगणकात सरकवले आणि डबीवरचा क्रमांक टाकला.

मला काहीच करावे लागले नाही. मी प्रामाणिकपणे फिरले, बाकीचे कुलपाने केले. भिंतीएवढ्या पडद्यावर हातभर अक्षरे उमटली.

"माझा चष्मा घरी राहिलाय," घड्याळजी शांतपणे म्हणाले. "जरा मोठ्यानं वाचा."

साहेबांनी घसा खाकरला. "ही प्रत... बेकायदेशीर आहे. विक्रेत्याशी संपर्क साधा."

"विक्रेते तुम्हीच. घ्या, साधला संपर्क. आता सांगा, दोघांतला चोर कोण?"

सभागृहात आधी एकजण हसला, मग सगळेच. मागून एक बाई ओरडली, "माझ्याही मुलाला असंच म्हणाले हे!" आणखी कोणी, आणखी कोणी. साहेबांच्या कपाळावर घाम फुटला. तो एकेक थेंब मला अजून आठवतो आणि आठवला की अजूनही बरे वाटते.

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात तो पडदा छापून आला. तीन आठवड्यांत कंपनीने कुलूप काढले. घड्याळजी पुन्हा होडी हाकू लागले. अंगठा सुटला, दोन बोटे सुटली. करंगळी आणि तिच्या शेजारचे बोट मात्र आजही मिटलेलीच आहेत. त्या दोन बोटांसाठी मी कंपनीला माफ केलेले नाही आणि करणारही नाही.

कुलूप गेले तशी संगणकात सीडी घालायची गरजही संपली. खेळ माझ्याशिवायच चालतो. मी खणात पडून धूळ खाते. हे आधी कळले असते तरी मी त्या पडद्यासमोर तशीच फिरले असते.

मित्रांनो, उद्या तुम्ही काही बनवाल. जरूर कुलूप लावा. पण जो पावती घेऊन दारात उभा आहे, त्याच्या चेहऱ्याकडे एकदा मान वर करून बघा. नाही बघितलेत, तर तोच माणूस एक दिवस भरल्या सभेत तुमच्यासमोर उभा राहील. त्याच्या हातात माझ्यासारखे कोणीतरी असेल.