मातीनं खाल्लेल्या चिठ्ठ्या

माझ्या धाकट्या लेकीला जुळ्या मुली झाल्या त्या वर्षीची ही गोष्ट. तिच्या बाळंतपणासाठी मी चार दिवस रजा मागितली आणि बाईंनी आठ दिले.

बाई म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या मुख्य. मी आणि माझी थोरली बहीण तिथं धुण्याचं काम करायचो. पोत्यानं आलेली कोळंबीची टरफलं धुवायची, उकळायची, पुन्हा धुवायची. शेवटी हाती पांढरी भुकटी लागायची. बाई तिला कायटोसन म्हणायच्या, ताई म्हणायची कायतरीसन. ती भुकटी आंबट पाण्यात विरघळवून कापसाच्या लगद्यात घोटायची आणि काचेवर ओतून वाळवायची. मग कांद्याच्या सालीसारखा पापुद्रा सुटायचा. त्याच्या पिशव्या करायच्या, असं बाईंच्या मनात होतं.

महिनाभर पाण्यात टिकतील असे आठ पापुद्रे जमले. प्रत्येकात कापूस आणि भुकटी यांचं माप वेगळं. आता त्यातला कुठला नव्वद दिवसांत मातीत कुजतो, एवढंच बघायचं उरलं होतं. बाईंची मूत्रपिंडं निकामी झालेली. आठवड्यातून तीनदा त्या रक्त शुद्ध करून घ्यायला जायच्या आणि उरलेले दिवस भिंतीला धरून चालायच्या. हे माप एकदा कळलं की मी घरी बसायला मोकळी, असं म्हणायच्या.

आठ मार्चला पापुद्रे पुरायचे होते आणि बाई नेमक्या दवाखान्यात. चिठ्ठ्या तुम्हीच लिहा, असा निरोप आला. मी बावन्नाव्या वर्षी मुलीकडून अक्षरं शिकलेली, त्यामुळं मला कोण आनंद. चांगल्या हातकागदावर, पेन्सिलीनं, एक ते आठ आकडे आणि खाली मापं लिहिली. प्रत्येक पापुद्र्याला सुती दोऱ्यानं चिठ्ठी बांधली. प्लास्टिकची पट्टी लावायला मन धजेना, एवढा खटाटोप प्लास्टिक नको म्हणूनच तर होता. चिठ्ठ्या आहेतच म्हणून हाताला येईल तसे पापुद्रे एका लांब पेटीतल्या मातीत पुरले.

पाच जूनला पेटी उकरली. दोन जागा रिकाम्या होत्या. बाकीच्या सहा ठिकाणी चिंध्या नाहीतर अख्खे तुकडे. चिठ्ठी एकही नाही, दोरासुद्धा नाही. मी माती चाळणीनं दोनदा चाळली.

ताई कमरेवर हात ठेवून उभी होती. म्हणाली, "आता मातीकडूनच शिक अक्षरं. सगळ्या चिठ्ठ्या वाचून बसलीय ती."

बाई स्टुलावर बसल्या. मग हसल्या, पण हसताना त्यांना धाप लागली.

"अहो, कागद म्हणजे तरी काय? आपलाच कापसाचा लगदा. कुजण्यात पहिला नंबर तुमच्या चिठ्ठ्यांचा."

मला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. ताई पुढं झाली. कुठला पापुद्रा कुठं पुरला ते तिला आठवत होतं आणि तिची आठवण पक्की असायची.

"ताई, तुमच्यावर माझा विश्वास आहे," बाई म्हणाल्या, "पण आठवण अहवालात लिहिता येत नाही."

म्हणजे पुन्हा नव्वद दिवस. तेवढे बाईंकडं होते का, कुणास ठाऊक. बाईंच्या वहीतली तीच मापं पुन्हा काचेवर ओतली, वाळवली. या वेळी मी फुटक्या कौलाची खापरं घेतली आणि खिळ्यानं आकडे कोरले. माझा चार उलटा आला तो ताईनं घासून पुन्हा करायला लावला. सात जूनला पेटी भरली. बाईंनी प्रत्येक खापर बोटानं चाचपून बघितलं आणि त्या घरी गेल्या. नंतर त्या कामावर आल्या नाहीत. आम्ही दोघी रोज माती ओली ठेवायचो.

चार सप्टेंबरला उकरलं. चार आणि सहा, या दोन खापरांखाली काही नव्हतं. मी वहीत तसं लिहिलं, तारीख घातली, खाली सही केली.

बाई त्याआधीच, नव्वदांतल्या एकाहत्तराव्या दिवशी, सोळा ऑगस्टला सकाळी, दवाखान्यात वारल्या होत्या.