धुण्यासकट राजवाडा

मी राजवाड्याची तसबीर बोलतेय. घटकाभर थांबणार असाल तर माझी हकिगत सांगते.

मला दोघांनी घडवलं, बापाने आणि लेकीने. बाप तांब्याच्या पत्र्यावर चित्रं कोरायचा. पत्र्यावर सगळं उलटं कोरायचं, तेव्हा कुठे ते कागदावर सुलटं उमटतं. एका मापाचे खांब, त्यांवर त्रिकोणी माथा, दोन्ही अंगांना सारख्या खिडक्या. काय हात होता त्याचा! पण राजवाडा कोरून पुरा झाला आणि त्याच्या डोळ्यांनी दगा दिला. भोवतालचा परिसर लेकीने हाती घेतला. तिने तळं कोरलं, झाडं कोरली आणि तळ्याकाठी दोरीवर वाळणारं धुणंही कोरलं.

काम दरबारने दिलेलं, म्हणून दरबारचा कारभारी पहिला छाप बघायला आला. त्याच्या कपाळाला आठ्या पडल्या.

“राजवाड्यासमोर धुणं? काढून टाका ते.”

“ते तिथे रोजच असतं, साहेब,” लेक म्हणाली.

“असेल. दिसायला नको.”

बाप हसला. “महाराज धुतलेलेच कपडे घालतात ना?”

कारभारी तडक निघून गेला आणि दरबारचं कामही गेलं.

लेकीचा चेहरा उतरला. “बाबा, पत्र्यावरचं धुणं घासून काढते मी. नाहीतर तुमची एवढी मेहनत वाया जाईल.”

बापाने पत्र्यावरून हळूहळू बोटं फिरवली. “हात तर लावून बघ! माझे खांब सरळ आहेत गं, पण वारा सुटलाय तो तुझ्या दोरीवर.”

तिला रडूच आलं. मग डोळे पुसून तिने पत्र्यावर शाई चोळली, ओलसर कागद ठेवून दाबयंत्र फिरवलं आणि मी जन्मले.

भर चौकात मला विकायला टांगलं. राजवाड्याची धोबीण तिथून चालली होती. “अगंबाई, हे तर माझंच धुणं!” म्हणत तिने मला घरी नेलं. पाहुणा आला की चहापाण्याआधी त्याला माझ्यापुढे उभं करायची. तिच्यामागे सुनेने मला जपलं. मी धुराने काळवंडले, कसरीने माझा कोपरा कुरतडला, तरी तिने मला अडगळीत टाकलं नाही.

खरा राजवाडा केव्हाच पडला. मी मात्र संग्रहालयात, काचेआड सुखात आहे. परवा एक चिमुरडी आईच्या कडेवरून मला न्याहाळत होती.

“आई, राजा कुठंय?”

आईने एकेक खिडकी तपासली. “दिसत नाही बाई. कामाला गेला असेल.”

“मग हे घर कुणाचं?”

इतक्या वर्षांत हे कुणी विचारलंच नव्हतं. तुम्हीही या, अगदी जवळून बघा आणि काय ते ठरवा. फक्त काचेला नाक लावू नका.