पालथा हात

वृषाली कळंबला आठवी ते बारावीच्या मुलांना मराठी शिकवायची. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी तिने एक नाटुकलं लिहायला घेतलं, पण त्यातली सोळा वर्षांची रेवा काही केल्या जिवंत होईना.

"आत्या, ही पोरगी लई शहाणी हाय," अक्षदा वाचून म्हणाली. "अशी कुणी नसते."

अक्षदा म्हणजे राजुरीच्या हनुमंताची, वृषालीच्या धाकट्या भावाची मुलगी. अकरावीसाठी आत्याकडे राहायला, तिच्याच शाळेत आलेली.

मग वृषालीने रेवाला सवयी लावून पाहिल्या. नखं कुरतडणं, केसांची बट बोटाला गुंडाळणं. सगळ्या उसन्या वाटल्या. अशात तिच्या ध्यानात आलं, की अक्षदा फाटकाची कडी, नळ, अगदी फ्रीजचं दारसुद्धा आधी पालथ्या हाताने शिवते, मगच धरते. तिला गंमत वाटली. ती लकब तिने उचलली आणि रेवाला देऊन टाकली.

तालमीत रेवा झालेल्या मंगलने ती भलतीच रंगवली. खुर्चीला पालथा हात, डब्याला पालथा हात, मैत्रिणीच्या गालालाही. पोरं हसून लोळली. अक्षदाने दप्तर उचललं आणि ती निघून गेली.

वृषाली घरी आली तेव्हा अक्षदा ओट्यावर मटार सोलत बसली होती. वृषालीनेही शेजारी बसून मूठभर शेंगा घेतल्या.

"तुला विचारायला पाहिजे होतं मी."

अक्षदाने दोन-चार शेंगा सोलल्या. "मी दुसरीत व्हते. पप्पा पाण्याची मोटार चालू करायला गेले अन् माझ्यादेखत स्टार्टरच्या पेटीलाच चिकटले. आईनं वाळक्या काठीनं सोडवलं. मागून पप्पांनीच शिकवलं, आधी पालथा हात लावायचा. करंट असला तर हात मागं झटकला जातो, मूठ आवळत न्हाई."

हनुमंताला शॉक बसल्याचं वृषालीला माहीत होतं. पोर तेव्हा तिथंच उभी होती, हे मात्र तिला कुणी सांगितलं नव्हतं.

"काढून टाकते मी ते."

"काढू नको. पण ती चारचौघांत करत न्हाई तसं, लपवते. भ्याली की लपवायचं इसरते."

वृषालीने रातोरात नाही, पण दोन दिवसांत तो प्रवेश बदलला. आता रेवा एकदाच पालथा हात लावायची, मुख्याध्यापकांच्या दाराला. मंगलने कारण विचारलं, तेव्हा अक्षदानेच तिला सांगितलं. मंगलने दारापाशी जाऊन हात कसा न्यायचा ते करून पाहिलं.

संमेलनात त्या जागी कुणी हसलं नाही. हनुमंत राजुरीहून आला होता. निघताना गाडी चालू करून तो थोडा थांबला.

"ताई, नाटकातली पोरगी बेस झाली," तो म्हणाला. "पर डबा खाती लई हळू. ह्या वयात अशी कोण जेवतंय?"

"बघते," वृषाली म्हणाली.